मानेतली गाठ, फिजिओचा अंगठा आणि ९०० किलो

दिवसभर लॅपटॉपसमोर मान घालून बसणाऱ्या कुणालाही विचारा कुठं दुखतंय, बोट बरोब्बर मान आणि खांद्याच्या मधल्या त्या एकाच जागी जाणार. तिथं हाताला खरंच काहीतरी लागतं, स्नायूचा एक ताठ पट्टा आणि त्यात वाटाण्याएवढी टणक जागा, आणि ती दाबली की दुखणं तिथंच न थांबता कानामागून वर चढत कपाळाच्या बाजूला जातं. आपण म्हणतो गाठ आलीय, फिजिओ म्हणतात ट्रिगर पॉइंट, आणि ती सोडवायला जे करतात त्याला मायोफेशियल रिलीज म्हणतात. हल्ली कपिंग (कातडीवर पेले चिकटवून ओढणं) आणि ड्राय नीडलिंग (गाठीत बारीक सुई टोचणं) यांच्या शेजारी हे नाव क्लिनिकच्या बोर्डावर असतंच.

यातला फेशिया तुम्ही बघितलाय, निदान मटण साफ करणाऱ्यांनी तरी. मांसावरचा तो पांढुरका चिवट पापुद्रा, ज्यावरून सुरी घसरते, तोच. आपल्याही प्रत्येक स्नायूला तो वरून गुंडाळतो, आत शिरून तंतूंच्या जुड्या वेगळ्या करतो, नसा आणि रक्तवाहिन्या त्याच्यातूनच जातात. मुख्यतः कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या थरांमध्ये हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं बुळबुळीत वंगण असतं (हो, फेस सीरमच्या जाहिरातीतलंच) म्हणून थर एकमेकांवरून सरकतात. गंमत म्हणजे शरीररचना शिकताना हा पापुद्रा वर्षानुवर्षं खालचा स्नायू नीट दिसावा म्हणून कापून बाजूला टाकला जायचा. फक्त फेशियावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती थेट २००७ मध्ये, बोस्टनला. त्यानंतर मात्र काम जोरात झालं, इटलीतल्या पादुआच्या कार्ला स्टेको यांनी त्या वंगणावर बरंच संशोधन केलं, आणि २०११ मध्ये हेलेन लांजव्हँ यांच्या टीमने अल्ट्रासाउंड लावून दाखवलं की जुनी कंबरदुखी असलेल्यांच्या कमरेतले फेशियाचे थर इतरांपेक्षा साधारण २० टक्के कमी सरकतात. आता थर कमी सरकतात म्हणून कंबर दुखते की कंबर दुखते म्हणून माणूस कमी हलतो आणि मग थर आखडतात, हे त्या अभ्यासातून ठरत नाही, पण जाहिरातवाल्यांना तेवढं पुरलं.

ट्रिगर पॉइंटची कल्पना त्याच्या बरीच आधीची. अमेरिकेच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल, जॉन केनेडींच्या पाठदुखीवर प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देणाऱ्या आणि १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पहिल्या महिला डॉक्टर झालेल्या, त्यांनी आणि डेव्हिड सायमन्स यांनी मिळून कुठली गाठ दाबली की दुखणं कुठं जातं याचे नकाशेच तयार केले, १९८३ मध्ये त्यांचा पहिला खंड छापून आला. आजही अनेक फिजिओंच्या भिंतीवर तसलेच तक्ते दिसतात. ढुंगणाच्या स्नायूतली गाठ पायाच्या बाहेरच्या बाजूने घोट्यापर्यंत दुखवते आणि माणूस सायटिका (कमरेतून पायात जाणारी नस दबून होणारं दुखणं) समजून घाबरतो, हे त्या नकाशांमुळे अनेकांच्या लक्षात आलं.

प्रत्यक्ष उपचार बघितला तर फारसा थरारक नाही. मालिशसारखं तेल चोपडत नाहीत कारण हात घसरायला नको असतो, कातडी आणि खालचा थर पकडून ओढायचा असतो. अंगठा, बोटांची पेरं किंवा कोपर टेकवायचं, हळूहळू दाब वाढवायचा, जिथं अडल्यासारखं वाटतं तिथं थांबायचं, मिनिट-दीड मिनिट, कधी त्याहून जास्त, आणि वाट बघायची. पेशंट आधी दात-ओठ खातो, मग श्वास सोडतो, आणि हाताखालचा भाग मऊ पडल्यासारखा वाटतो. फिजिओ म्हणतात, "बघा, फेशिया सुटला."

इथंच घोळ आहे. २००८ मध्ये काही संशोधकांनी गणित मांडलं की फेशियाचा आकार हाताने बदलायला किती जोर लागेल. नाकावरचा पातळ फेशिया बदलू शकतो, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड फेशिया फक्त १ टक्का दाबायला ९०० किलोच्या वर भार लागतो असं उत्तर आलं. म्हणजे मांडीवर कार ठेवावी लागेल, आणि आपण जिममध्ये तिथंच फोम रोलर (फोमचा कडक लोळ) घालून डोळ्यांत पाणी आणतो! जाड फेशिया अंगठ्याने ताणला जात नाही, गाठ काही फुटत नाही, आणि टॉक्सिन बाहेर पडतात ही तर निव्वळ थाप आहे.

मग बरं का वाटतं? कारण बरं खरंच वाटतं, त्यात खोटं काही नाही. फेशिया आणि कातडीत दाब आणि ताण ओळखणारी भरपूर मज्जातंतूंची टोकं असतात, त्यातली रुफिनी नावाची टोकं हळू, टिकून राहणाऱ्या ओढीला प्रतिसाद देतात. तिथून मेंदूकडे निरोप जातात आणि मेंदू त्या स्नायूचा ताठपणा आणि दुखण्याचा आवाज दोन्ही कमी करतो, असं आजचं साधारण मत आहे. माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी पुरावा २०१५ चा, एका पायाची दुखरी पोटरी सोडून दुसऱ्या पायाच्या पोटरीवर रोलर फिरवला तरी दुखऱ्या पोटरीची दाब सहन करायची ताकद वाढली. ज्या पायाला हातच लावला नाही त्याचा फेशिया कसा काय सुटला? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातले डॉक्टर क्विंटनर आणि कोहेन यांनी ट्रिगर पॉइंटच्या मूळ कल्पनेवरच टीका केली, आणि एकाच पेशंटला वेगवेगळे तज्ज्ञ तपासतात तेव्हा गाठ कुठं आहे यावर त्यांचं फारसं एकमत होत नाही ही अडचण तर आहेच.

म्हणून पैसे वाया का? नाही. पण हा आराम तात्पुरता, रोलरने वाढलेली लवचिकता तर काही मिनिटं, फार तर अर्धा तास टिकते, तेवढ्यात मान फिरवा, खांदे हलवा, फिजिओने दिलेला व्यायाम करा, कारण टिकाऊ फरक तिथंच पडतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०१६ ची कंबरदुखीची सूचना पण तेच सांगते, हाताने करायचे उपचार व्यायामासोबतच द्या, नुसते नको. आठवड्यातून दोनदा नुसतं दाबून घ्यायला बोलावणारा आणि घरी काहीच करायला न सांगणारा कुणी भेटला तर दुसरा फिजिओ शोधा, सरळ.

घरी करायचं तर टेनिस बॉल पुरतो. भिंत आणि पाठीच्या मध्ये धरायचा, मणक्यावर नाही, बाजूच्या मांसल भागावर, दुखरी जागा सापडली की टेकून श्वास घेत मिनिटभर उभं राहायचं. दहापैकी पाच-सहाच्या वर दुखायला लागलं तर दाब कमी करा, काळंनिळं पडेपर्यंत रगडण्यात कसलीही मर्दुमकी नाही आणि फायदा पण नाही. मानेच्या पुढच्या बाजूला बॉल, मसाज गन काही नको, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडं ठिसूळ असतील, कॅन्सरचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पाय बधिर किंवा लुळा पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, दुखण्यासोबत ताप किंवा उगाच वजन उतरणं, ही कामं फिजिओच्या अंगठ्याची नव्हेत. आणि लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एकच पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिला रोलर लावायचा नाही, मालिश करायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.