स्क्रिप्टमध्ये सीडी केलं, तरी आपण होतो तिथेच!

लिनक्स वापरायला लागलं की हे एकदा तरी होतंच, माझंही झालं. रोज टर्मिनल उघडायचं आणि फोल्डरात फोल्डर करत तेच ते सहा लेव्हल आत जायचं, वैताग आला, म्हटलं छोटी स्क्रिप्टच (कमांडची फाइल) लिहून टाकू. दोनच ओळी, वरती बॅशची (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, अशा प्रोग्रॅमला शेल म्हणतात) आणि खाली सीडी, म्हणजे फोल्डर बदलायची कमांड, पुढे त्या फोल्डरचा लांबलचक पाथ. परमिशन दिली, चालवली, एरर नाही काही नाही, आणि बघतो तर मी अजून होममध्येच. मग स्क्रिप्टच्या शेवटी पीडब्ल्यूडी टाकलं (आपण सध्या कुठे आहोत ते छापणारी कमांड, बांधकाम खातं नव्हे) तर स्क्रिप्ट नवीन फोल्डरचं नाव अगदी बरोबर छापते, आणि संपली की मी परत जुन्याच जागी. म्हणजे सीडी झालं तर होतं. मग गेलं कुठे?

गोम अशी की "सध्याचा फोल्डर" हा टर्मिनलच्या विंडोचा नसतो, तुमचाही नसतो, तो प्रोसेसचा असतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एक खातं ठेवतो आणि त्यात हा प्रोग्रॅम कुठे बसलाय त्याची नोंद असते. लिनक्सवर ती बघताही येते, प्रॉक नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचा एकेक फोल्डर असतो आणि त्यात सीडब्ल्यूडी नावाची लिंक, ती थेट त्या जागेकडे बोट दाखवते.

आता स्क्रिप्ट चालवली की तुमचा शेल आधी स्वतःची एक कॉपी काढतो, याला फोर्क म्हणतात. सध्याच्या फोल्डरची नोंदसुद्धा कॉपी होते, आणि स्क्रिप्ट चालते ती त्या कॉपीत. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने नाव बदललं म्हणून तलाठ्याकडे फेरफार होत नाही ना, तसंच. वर स्क्रिप्ट संपली की ती झेरॉक्सपण फाडून टाकली जाते, मग तुमच्या हातात उरणार काय!

आणि यात फसलो म्हणून लाज वाटायचं कारण नाही, कारण ज्यांनी युनिक्स बनवलं तेच आधी फसलेत. १९६९च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-७ नावाच्या मशीनवर काम करत होते. मशीनला टर्मिनल दोन आणि प्रोसेसही मोजून दोनच, एका टर्मिनलला एक. फोल्डर बदलायची कमांड तेव्हा इतर कमांडसारखीच साधा प्रोग्रॅम होती आणि नीट चालायची, कारण त्या टर्मिनलवर दुसरी प्रोसेसच नव्हती, जे बदलायचं ते तिचंच बदलायचं. मग त्यांनी फोर्क आणलं, रिचीने नंतर लिहून ठेवलंय की त्याला असेंब्ली भाषेच्या फक्त २७ ओळी लागल्या. बाकी बरंचसं चालत राहिलं आणि फोल्डर बदलणं तेवढं बंद पडलं. बरीच डोकेफोड केली, कोड वाचून काढला, मग ट्यूब पेटली, कमांड आपलं काम चोख करतेय पण कॉपीत करतेय आणि लगेच मरतेय. तेव्हा ती शेलच्या पोटातच घालावी लागली. सीडी आजही तिथेच आहे.

मग उपाय? स्क्रिप्टच्या आधी सोर्स लिहा, किंवा नुसतं एक टिंब आणि स्पेस, म्हणजे कॉपी न काढता तुमचा चालू शेल स्वतःच त्या ओळी वाचतो. पायथॉनवाले व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करताना सोर्स ॲक्टिव्हेट लिहितात ते याच कारणाने, तिथे फोल्डरऐवजी शेलची व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेली माहिती) बदलायची असतात इतकंच. फक्त सोर्स केलेल्या फाइलमध्ये एक्झिट असेल तर तुमचा शेलच बंद होतो, मी दोनदा विंडो घालवलीय. रोजच्यासाठी मला फंक्शन बरं वाटतं, बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) तीन ओळी, नाव ठेवलंय "चल".

उलट स्क्रिप्टच्या आतल्या आत सीडी अगदी बिनधास्त करा, बाहेर कुणाला धक्का लागत नाही. पण ते फसलं तर काय हे बघा. बॅश एरर छापतो आणि पुढची ओळ चालवतो, आणि पुढची ओळ "इथलं सगळं डिलीट कर" अशी असेल तर "इथलं" म्हणजे भलतंच कुठलंतरी. त्याहून वाईट म्हणजे फोल्डरचा पाथ एका व्हेरिएबलमध्ये होता, अवतरणचिन्हं टाकली नाहीत आणि व्हेरिएबल निघालं रिकामं. नुसतं सीडी म्हणजे होमला जा, एररसुद्धा येत नाही, आणि मग होममधल्या फाइली गेल्या. माझ्या एका महिन्याच्या नोट्स अशाच गेल्यात. म्हणून पाथला अवतरणचिन्हं, सीडीच्या मागे दोन उभ्या रेघा आणि एक्झिट, म्हणजे जमलं नाही तर तिथेच थांब, आणि त्याच्याही आधी व्हेरिएबल रिकामं नाही ना ते तपासून घ्यायचं, कारण रिकाम्या अवतरणचिन्हांवर बॅश बहुतेक वेळा काही न बोलता आहे तिथेच राहतो.

हो, आणि लिनक्सवर पेनड्राइव्ह काढताना "बिझी आहे" म्हणून अडून बसतो, एकही फाइल उघडी नसताना, तेव्हा टर्मिनलचे टॅब बघा. एखादा शेल त्याच्या फोल्डरमध्ये बसलेला सापडेल, त्याला सीडी करून बाहेर काढा, मग पेनड्राइव्ह निघेल.