स्नोशूचं माप पायावर नाही, काट्यावर

भाचा जानेवारीत मनालीच्या वरच्या डोंगरांत चढाईला चाललाय. परवा त्याने फोनवर विचारलं, "मामा, मला बूट नऊ नंबरचा लागतो, मग स्नोशू कितीचा घेऊ?" हा गैरसमज सर्रास आढळतो. स्नोशू हा बूटच नव्हे. हिमात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली पट्ट्यांनी बांधायची ती रुंद चौकट. तिचं माप पाठीवरच्या ओझ्यासकट आपल्या वजनावर ठरतं.

दाभोळच्या खाडीत ओहोटीला उतरलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चिखलात पाय पोटरीपर्यंत जातो. फळी टाकून तिच्यावर उभं राहिलं की तोच चिखल पेलतो. पाय उपसताना खालून कुणी धरल्यासारखं वाटतं, त्याला आपल्याकडे आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं, नाव देतात. तिथे आसरा नसतात. पाय वर येताना खाली पोकळी होऊ लागते आणि तीत हवा-पाणी शिरेपर्यंत वातावरणाचा दाब पायाला वर येऊ देत नाही.

आता आकडे. माणूस 70 किलोचा, पाठीवर 15 किलो. चालताना सगळा भार आळीपाळीने एकेका पायावर येतो. बुटाचा तळ 280 चौरस सेंटीमीटर धरला, तर दर चौरस सेंटीमीटरवर 300 ग्रॅम. 25 इंच लांबीच्या स्नोशूचा तळ 1100 धरला, तर जेमतेम 77 ग्रॅम.

पण चिखल आणि हिम यांत एक मोठा फरक आहे, आणि मला खरी भुरळ त्याचीच आहे. हर्णे बंदरावर मासळीवर टाकलेला बर्फाचा चुरा बघा. टाकताना दाणे सुटे असतात. काही तासांनी खोक्यात हात घातला तर ढेकूळ लागतं, ते फोडावं लागतं. बर्फाचे दोन तुकडे टेकले की चिकटतात, याकडे मायकेल फॅरडेने 1850 मध्ये लक्ष वेधलं होतं. हिमात हे न वितळताही घडतं. कणाच्या टोकदार भागावरच्या रेणूला शेजारी कमी, म्हणून तो चटकन वाफ होऊन सुटतो. दोन कण टेकतात तिथल्या खोबणीत त्याला धरणारे शेजारी जास्त, म्हणून तो तिथे बसतो. असे रेणू साठत साठत खोबणीची जाड मान होते. ताजं, कोरडं हिम घनमीटरला साधारण 100 किलोपर्यंत भरतं, बाकी सारी हवा. त्यात कण मोजक्या जागीच टेकलेले असतात. पाऊल पडलं की त्यांचे नाजूक फाटे मोडतात, टेकण्याच्या जागा वाढतात, माना धरू लागतात. म्हणून पुढच्याने दाबलेली वाट थोड्याच वेळात घट्ट होते, आणि चढाईत पुढे राहायची पाळी सगळ्यांनी आलटूनपालटून घ्यायची असते.

भुसभुशीत, सपाट हिमात 30 इंची बरा. उभ्या चढावर तो अडखळतो. तिथे आखूड, खाली दाते असलेला आणि टाचेखाली उचलता येणारी तार असलेला घ्यावा. "सगळ्या बर्फावर चालणारा" ही जाहिरात खोटी: टणक, गुळगुळीत बर्फाच्या उतारावर क्रॅम्पॉनच, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे अणकुचीदार दातेच, हवेत. आणि कुठलाही स्नोशू हिमकडा कोसळण्यापासून वाचवत नाही.

भाच्याला म्हटलं, सॅक भर, बूट घाल, काट्यावर उभा राहा. रात्री आकडा आला: 86. पंचवीस इंची घे, दाते बघून घे.