वाय-फाय लागत नाही? फॉरमॅट करण्यापूर्वी हे वाचा

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या अनेक लॅपटॉपची तक्रार 'वाय-फाय लागत नाही' एवढ्या तीन शब्दांत सांगितली जाते आणि त्यापाठोपाठ 'ड्रायव्हर गेला असेल, फॉरमॅट मारून द्या' असा उपायही सुचवला जातो. ड्रायव्हर म्हणजे संगणकातील वाय-फाय कार्डाकडून काम कसे करून घ्यायचे, हे विंडोजला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. तो बिघडू शकतो, हे खरे आहे; परंतु त्यासाठी संपूर्ण संगणक पुसून टाकावा लागणे ही फारच क्वचित येणारी वेळ असते, आणि पुष्कळदा दोष ड्रायव्हरमध्ये नसतोच. त्यामुळे संगणक दुकानात आणण्यापूर्वी, किंवा आणायचा झालाच तर नेमके काय सांगायचे हे ठरवण्यापूर्वी, पुढील तपासणी आपण घरच्या घरी करून पाहावी. ही माहिती विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्यासाठी आहे. विंडोज १० चे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले असले, तरी आमचे बरेच ग्राहक आजही तीच वापरतात आणि बहुतेक पायऱ्या दोन्हींत सारख्याच आहेत.

दोष नेमका कुठे आहे?

त्याच वाय-फायवर घरातील मोबाइल चालतो का, हे सर्वप्रथम पाहावे. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल, तर संगणकाला हात न लावता राउटर किंवा इंटरनेट पुरवणाऱ्याकडे चौकशी करावी. मोबाइल चालतो पण संगणक चालत नाही, अशा वेळी पडद्यावर काय लिहून येते ते नीट वाचावे. 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड' असे दिसत असेल, तर संगणक राउटरपर्यंत पोहोचलेला आहे, म्हणजे कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही बहुधा ठीक आहेत आणि अडचण त्यापुढची आहे. जोडणी व्यवस्थित दिसते, पण प्रत्येक संकेतस्थळ सुरक्षिततेचा इशारा देते, असे जुन्या डेस्कटॉपवर घडले तर घड्याळाकडे पाहावे. मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट-पाटीवरील) बटणासारखा सेल संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि ब्राउझर कोणत्याही साइटवर विश्वास ठेवत नाही. अशा वेळी सेल बदलला की काम भागते, ड्रायव्हरचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

नवीन फायबर जोडणी घेतल्यानंतर 'मोबाइलवर दोन नावे दिसतात, लॅपटॉपवर एकच' अशीही तक्रार वारंवार येते. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर नावे प्रसारित करत असतो आणि जुन्या किंवा स्वस्त लॅपटॉपमधील कार्ड फक्त पहिली पट्टी जाणते. कोणताही ड्रायव्हर टाकला तरी अशा कार्डाला दुसरी पट्टी दिसणार नाही. त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झचे नाव वापरावे किंवा दोन्ही पट्ट्यांचे यूएसबी डोंगल, म्हणजे यूएसबीच्या खाचेत बाहेरून लावायचे छोटे वाय-फाय कार्ड, घ्यावे.

वाय-फायचे बटणच दिसेनासे झाले असेल, तर एअरप्लेन मोड आणि कीबोर्डवरील विमानाची किंवा मनोऱ्याची खूण असलेली कळ तपासावी. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचा वेगळा सरकता खटका असतो आणि बॅगेत ठेवताना तो सहज सरकतो.

यानंतर संगणक 'रीस्टार्ट' करावा. शटडाउन करून पुन्हा चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शटडाउन करताना ड्रायव्हरांची तेव्हाची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही अडकलेलाच सापडतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो

विंडोजची कळ आणि एक्स ही कळ एकत्र दाबल्यावर येणाऱ्या यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर', म्हणजे संगणकातील सर्व उपकरणांची यादी, उघडावा आणि त्यात 'नेटवर्क ॲडॉप्टर्स' ही ओळ उलगडावी. वाय-फाय कार्डाच्या नावात बहुधा 'वायरलेस' किंवा 'वाय-फाय' हा शब्द असतो. चित्रावर खाली जाणारा बाण असेल, तर कार्ड कोणीतरी बंद केले आहे. उजव्या क्लिकने 'एनेबल' करावे. पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल, तर नावावर दोनदा क्लिक करून 'जनरल' या पानावरील कोड क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे कार्ड सुरू होऊ शकले नाही, आणि कोड ४३ म्हणजे कार्डाने स्वतःच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. शेवटच्या दोन्ही प्रसंगी ड्रायव्हर बदलण्याआधी संगणक बंद करून चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग संगणक चालू करावा. उपाय अगदी साधा दिसतो, पण कार्डात साचलेली अर्धवट स्थिती त्याने पुसली जाते आणि बऱ्याच वेळा तेवढ्यावरच काम होते.

यादीत कार्डाचे नावच नसेल, तर 'व्ह्यू' मधून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडावे. नाव फिकट अक्षरांत दिसले, तर ते कार्ड पूर्वी होते, पण आता संगणकाला सापडत नाही असा अर्थ होतो. आतील कार्ड सैल झाले असण्याची किंवा निकामी झाल्याची शक्यता आम्ही अशा वेळी तपासतो. 'अदर डिव्हायसेस' खाली 'नेटवर्क कंट्रोलर' असे पिवळ्या खुणेसह दिसले, तर मात्र कार्ड जागेवर आहे आणि त्याला फक्त ड्रायव्हर हवा आहे.

एक खुलासा येथेच करणे बरे. 'मायक्रोसॉफ्ट वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल ॲडॉप्टर' याच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख पाहून काही ग्राहक धास्तावतात. विंडोजसोबत येणाऱ्या आपल्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्ट मुद्दामच ही तारीख टाकते, म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर नेहमी अधिक नवा ठरतो आणि विंडोज त्याला बाजूला सारत नाही. ती तारीख पाहून काहीही अद्ययावत करण्याची गरज नाही.

ड्रायव्हर मागे नेणे, काढणे आणि नवा टाकणे

कालपर्यंत सुरळीत चालणारे वाय-फाय विंडोज अपडेटनंतर बंद पडले किंवा सारखे तुटू लागले, तर आमचा सल्ला नवीन ड्रायव्हर शोधण्याचा नसून जुन्यावर परत जाण्याचा आहे. कार्डाच्या 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. ते फिकट असेल, तर 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' आणि 'लेट मी पिक' या क्रमाने गेल्यास संगणकात साठवलेल्या आवृत्त्यांची यादी दिसते व त्यातील जुनी निवडता येते. तीच नवी आवृत्ती लगेच परत येऊ नये म्हणून विंडोज अपडेट काही आठवडे 'पॉज' करावे.

'अनइन्स्टॉल डिव्हाइस' या उपायाबाबत मोठा गैरसमज आहे. कार्ड काढून रीस्टार्ट केले की विंडोज आपल्या साठ्यातील तोच ड्रायव्हर पुन्हा बसवते. बिघाड सेटिंगमध्ये असेल तर त्याने फायदा होतो, ड्रायव्हरमध्येच असेल तर मूळचा दोष तसाच परत येतो. काढताना ड्रायव्हरही पुसायचा का, हे विचारणारी एक चौकट दिसते. तिच्यावर खूण करण्याआधी पर्यायी ड्रायव्हर डाउनलोड करून हाताशी ठेवावा, अन्यथा इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही, अशी कोंडी होते. ती झालीच, तर अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडून फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट केबलमधून संगणकाला मिळते. त्यासाठी वाय-फायच्या ड्रायव्हरची गरज लागत नाही.

नवीन ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमका मॉडेल क्रमांक टाकूनच घ्यावा. तो क्रमांक लॅपटॉपच्या पाठीवरील स्टिकरवर असतो. डेलच्या बाबतीत सात अक्षरांचा 'सर्व्हिस टॅग' चालतो. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे बसवलेली असू शकतात, म्हणून संकेतस्थळावर दोन-तीन वाय-फाय ड्रायव्हर दिसले तर गोंधळून न जाता डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'डीटेल्स' पानावर 'हार्डवेअर आयडीज' पाहावे. तेथील पहिल्या क्रमांकात ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचे, १०ईसी असेल तर रिअलटेकचे, १४सी३ असेल तर मीडियाटेकचे आणि १६८सी असेल तर क्वालकॉम ॲथेरॉसचे आहे. 'तुमचे सतरा ड्रायव्हर जुने झाले आहेत' असे सांगून पैसे मागणारी सॉफ्टवेअर कृपया घेऊ नयेत. त्यांनी चुकीचा ड्रायव्हर टाकून ठेवलेले संगणक सरळ करण्यातच आमचा अधिक वेळ जातो.

थोडा वेळ वापरले नाही किंवा झाकण मिटून उघडले की वाय-फाय जाते, अशी तक्रार असल्यास कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावरील, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण काढावी. हे पान सर्व लॅपटॉपवर दिसत नाही. 'नेटवर्क रीसेट' हा पर्याय सर्वांत शेवटी वापरावा, कारण त्यात साठवलेले सर्व वाय-फाय पासवर्ड पुसले जातात आणि कार्यालयाचे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्रॅम) पुन्हा बसवावे लागू शकते.

यूएसबी डोंगल घेतलेल्यांसाठी

काही डोंगल जोडल्यावर वाय-फायऐवजी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. डोंगल सदोष नसते. त्याच्या पोटातच ड्रायव्हर ठेवलेला असतो. ती 'सीडी' उघडून सेटअप चालवावा, म्हणजे ड्रायव्हर बसून डोंगल वाय-फाय म्हणून काम करू लागते.

दुकानात येताना

एवढे करूनही अडचण राहिली, तर लॅपटॉपसोबत चार्जर, असल्यास डोंगल आणि लिहून घेतलेला कोड क्रमांक आणावा. राउटर आणण्याची गरज नाही. आतील कार्ड बदलायचे ठरल्यास मूळ कार्डाच्या जातीचेच घ्यावे लागते. उदाहरणार्थ, इंटेलचे एएक्स२०१ हे कार्ड फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांसोबतच चालते, तर एएक्स२०० ला तशी अट नाही. क्वचित आम्हाला बायोस (विंडोजच्या आधी संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करावे लागते आणि डिस्क कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असेल तर त्यानंतर विंडोज ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागू शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का, हे घरूनच पाहून यावे, कारण ती आमच्याकडे नसते आणि तिच्याशिवाय डिस्क उघडता येत नाही.