नास्का मृत्पात्रांवरील प्रतीकचित्रे

पेरूच्या दक्षिण किनारपट्टीवर, नास्का व इका खोऱ्यांत, साधारणतः इ. स. पू. १०० ते इ. स. ६५० या काळात नांदलेल्या नास्का संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांवरील बहुरंगी चित्रे. नास्काचे नाव जगभर झाले ते वाळवंटातील अवाढव्य रेखाकृतींमुळे. पण लिपी नसलेल्या या समाजाची दैवते, भये आणि पिके बारकाव्यांनिशी भेटतात ती या भांड्यांवरच.

आधीच्या पाराकास परंपरेत भांडे भाजून झाल्यावर त्यावर राळमिश्रित रंग भरत. नास्का कुंभारांनी खनिज रंगांचे पातळ लेप भाजण्यापूर्वीच देऊन पृष्ठभाग घोटला, त्यामुळे रंग पक्के बसले. एकाच भांड्यावर कधी दहाहून अधिक छटा दिसतात. हे सारे चाकाविना, हाताने घडवलेले. दोन तोट्या आणि त्यांना जोडणारी मूठ असलेली सुरई हा त्यांचा खास घाट. १९०१ मध्ये जर्मन पुरातत्त्वज्ञ माक्स ऊले यांनी इका खोऱ्यात थडगी उकरली, तेव्हा या शैलीचे मूळ ठिकाण निश्चित झाले.

चित्रांत वारंवार येतो तो मानवरूपी दैवी पुरुष. कपाळावर अलंकार, नाकाखाली मांजराच्या मिशांसारखा पसरलेला मुखालंकार, एका हातात सोटा, दुसऱ्यात केसांना धरलेले मुंडके. असे सोन्याचे मुखालंकार प्रत्यक्षातही सापडले आहेत. ओर्का या शिकारी सागरी प्राण्याला तर माणसाचा हात फुटलेला असतो आणि त्या हातातही सुरी किंवा मुंडके असते. माणसाचे अवयव खाणारा हिंस्र पक्षी, ठिपक्यांचे रानमांजर, मिरच्या आणि शेंगा हेही नेहमीचे विषय.

या साऱ्याची गुरुकिल्ली मुंडक्यात आहे. ओठ काट्यांनी टाचलेले, कपाळाच्या भोकातून दोर ओवलेला: चित्रांतला हा तपशील उत्खननात मिळालेल्या खऱ्या मुंडक्यांशी तंतोतंत जुळतो. काही भांड्यांवर त्याच्या तोंडातून रोप उगवताना दिसते. नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या असणाऱ्या या प्रदेशात शिरच्छेदाचा संबंध पीकपाण्याशी जोडला जात असावा, हा अर्थ त्यामुळेच पटतो. ही मुंडकी परमुलखातील शत्रूंची असावीत, असा एक तर्क होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समस्थानिक विश्लेषणानुसार (शरीरातील मूलद्रव्यांच्या प्रकारांवरून माणूस कोठे राहिला हे ओळखण्याची पद्धत), तपासलेली मुंडकी स्थानिक लोकांचीच होती. अर्थात शेजारच्या गावांतील लढाया त्याने नाकारल्या जात नाहीत.

सुरुवातीच्या काळातील आकृती ठसठशीत व सहज ओळखू येणाऱ्या आहेत. पुढे त्यांना किरणांसारखे फाटे व वेलबुट्ट्या फुटत गेल्या, आणि अखेरच्या टप्प्यात मूळ प्राणी कोणता हे शोधावेच लागते.