दोन लाल सिलिंडर: पावडरचा कुठला, सीओटूचा कुठला?

सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही टॉवेल-चादरीच्या कारखान्यात शिरा, दाराशी लाल सिलिंडर टांगलेला दिसतो. कुठे एक, कुठे दोन. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आग विझवायचा आहे." पण त्यातला एक पावडरचा, दुसरा सीओटूचा म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा आणि दोघांची कामं वेगळी, हे फार थोड्यांना सांगता येतं.

सीओटूच्या तोंडाला रुंद काळा भोंगा असतो आणि वर मीटर नसतं. आत गॅस किती आहे ते वजन करूनच कळतं. पावडरच्या बहुतेक सिलिंडरांना छोटं गोल मीटर असतं, काटा हिरव्या पट्ट्यात हवा. मीटर नाही म्हणजे बिघडलाय, असं समजून सीओटू अडगळीत टाकलेला मी पाहिलाय.

ओळखीतल्या एका कारखान्यात मागाखाली साचलेल्या कापसाच्या धुळीनं पेट घेतला. तिथले अण्णा धावले, हाताला आला तो सीओटू. मोठा आवाज, पांढरा धूर, ज्वाळा गायब. सगळ्यांच्या जिवात जीव आला. थोड्याच वेळात शेजारच्या टॉवेलच्या गठ्ठ्यातून पुन्हा धूर निघाला. सीओटू आगीभोवतालची हवा हटवतो, पण निखारा फारसा थंड करत नाही. गॅस पांगला, वारं लागलं की आत धुमसणारं सूत परत पेटतं.

एबीसी, म्हणजे घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारी पावडर इथे सरस. तिच्यातलं मोनोअमोनियम फॉस्फेट तापलेल्या कापसावर वितळून थर धरतं आणि हवा तोडतं. तरी गठ्ठ्याच्या पोटात ती पोचत नाही. विजेचा मेन बंद करून गठ्ठा फोडायचा आणि पाणी मारायचं.

विजेचा बोर्ड, स्टार्टर, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचा (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राचा) कंट्रोलर पेटला तर मात्र उलट. तिथे सीओटूच घ्या, कारण तो वीज वाहून नेत नाही आणि मागे कणही ठेवत नाही. आग पावडरनेही विझते, पण पावडर सर्किट कार्डांत शिरून ओल धरते, सांधे गंजवते. अर्थात हाताशी पावडरच असेल तर मारा, कार्डाची काळजी नंतर. दोन्ही वेळी आधी मेन बंद.

सीओटूचा भोंगा पकडू नका. त्यातून निघणारा गॅस उणे ७८ अंशांपर्यंत थंड असतो, हात भाजल्यासारखा होतो. लहान बंद खोलीत तो मारून तिथे थांबू नका, श्वास कोंडतो. घरात कढईतलं तेल पेटलं तर सीओटूचा जोर ते बाहेर उडवतो. तिथे शेगडी बंद, वर झाकण, बस.

पिन काढा, दोनेक मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मारा, पाठ दाराकडे ठेवा. लहान सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांतच रिकामा होतो. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर पडून १०१ लावा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. इतकी पसरलेली आग या सिलिंडरांच्या आवाक्यात नसते.

पावडर मागांच्या दाराशी टांगा. सीओटू बोर्डाजवळ, पण बोर्डाला चिकटून नको, नाहीतर पेटल्यावर हातच पोचणार नाही. आणि दोघांवर मराठीत नि तेलुगूत ठळक रंगवून घ्या: एकावर 'सूत-कापड', दुसऱ्यावर 'बोर्ड'.