सॉल्सबरीच्या वळणावर कलंडलेले इंजिन

इंग्लंडमधील सॉल्सबरी स्थानकात १ जुलै १९०६ रोजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास झालेल्या अपघाताची चित्र-पोस्टकार्डे तेव्हा विकली गेली. आज हे वाचून मन विषण्ण होते; पण १९०२ पासून ब्रिटिश टपालखात्याने पत्त्याच्याच बाजूला मजकूर लिहिण्याची मुभा दिल्याने कार्डाची दुसरी बाजू छायाचित्रासाठी मोकळी झाली होती, आणि अर्ध्या पेनीत अशी दृश्ये गावोगाव पोहोचत होती. काचेच्या निगेटिव्हवरून थेट छापलेल्या अशा कार्डावर भिंग धरले, तर फुटलेल्या लाकडी डब्याची फळीन्‌फळी वेगळी दिसते.

‘न्यूयॉर्क’ या अमेरिकी बोटीचे उतारू प्लिमथहून लंडनला नेणारी ती खास गाडी होती. स्थानकाच्या पूर्वेकडील वळणावर ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा असताना गाडी ताशी १०० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने आली आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलंडून दूध वाहणाऱ्या रेल्वेगाडीवर आदळली. २४ प्रवासी आणि ४ रेल्वे कर्मचारी दगावले.

वेग दुप्पट झाला, की वळणावर बाहेर लोटणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्या जोरापुढे इंजिन टिकणार की नाही, हे रुळांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरते. पेंढ्या उंच रचलेली बैलगाडी उतरणीच्या वळणावर कलंडते, तेवढ्याच वजनाची वाळू भरलेली गाडी तरून जाते, ते याचमुळे. येथे रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर होते आणि वळणाची त्रिज्या सर्वांत अरुंद जागी सुमारे २०० मीटर. गुरुत्वमध्य रुळांपासून दीड मीटर उंच धरून ढोबळ हिशेब केला, तर इंजिन उलटण्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास येतो. एल-१२ वर्गातील या इंजिनाचा बॉयलर आधीच्या टी-९ इंजिनांपेक्षा वर बसवलेला होता, म्हणजे गुरुत्वमध्यही वर सरकला होता. जुन्या इंजिनावर कदाचित निभावला असता असा वेग नव्यावर जिवावर बेतू शकतो, आणि माझ्या मते या अपघातात ध्यानात ठेवण्याजोगी बाब हीच आहे. छायाचित्रात मात्र ती टिपता येत नाही.

ड्रायव्हर आणि त्याचा फायरमन दोघेही जागीच गेल्यामुळे वेग का आवरला नाही, याचे उत्तर मिळाले नाही. पुढे प्रत्येक गाडीला सॉल्सबरीला थांबणे सक्तीचे झाले. ४२१ क्रमांकाचे ते इंजिन फारसे मोडले नव्हते. दुरुस्त होऊन ते पुढे कित्येक दशके धावत राहिले.