ऑक्सिजन किती आणि श्वास किती: बाळ, कुत्रा आणि एक चिमटा

रात्री पावणेअकराला बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. पाच महिन्यांच्या लेकीला सर्दी झालेली, आणि कपाटातून कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर बाहेर निघालेला. "दादा, ८४ दाखवतंय. ॲडमिट करायचं का?" स्क्रीनवर बाळ स्वतःचा मोजा मजेत चोखत होतं. ओठ गुलाबी, डोळे टवटवीत. पायाच्या अंगठ्याला मोठ्या माणसाच्या बोटाचा चिमटा अडकवलेला आणि त्यात तो अंगठा पार हरवून गेलेला.

मी जनावरांचा डॉक्टर. माणसांच्या बाळांबद्दल मी बोलू नये, आणि शक्यतो बोलतही नाही. पण त्याच दिवशी दुपारी माझ्या टेबलावर बरोबर उलटा प्रकार झाला होता. शेरू नावाचा गावठी कुत्रा, गोचीड तापाने खचलेला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या, बरगड्या सारख्या वरखाली, मिनिटाला साठेक श्वास. जिभेला ऑक्सिमीटरचा प्रोब लावला तर ९८. मालकांचा चेहरा एकदम उजळला. "ऑक्सिजन तर चांगलाय की, डॉक्टर!"

८४ वाली मजेत खेळतेय आणि ९८ वाला जायच्या बेतात. मशीन दोन्हीकडे त्याच जातीचं. गडबड अशी होते की 'ऑक्सिजन किती' आणि 'श्वास कसा चाललाय' हे दोन प्रश्न आपण एकच धरून चालतो. कोविडने घराघरात चिमटा पोहोचवला, हा फरक मात्र मागेच राहिला.

चिमट्याच्या एका बाजूने दोन दिवे लागतात. एक लाल, ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा. दुसरा ९४० च्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. पण बोटात कातडी असते, हाड असतं, शिरेतलं रक्तही असतं. त्यातून नेमकं धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? ही युक्ती जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांना सापडली. ते खरं तर हृदय किती रक्त फेकतं ते कानाला प्रकाश लावून मोजायच्या खटपटीत होते, आणि नाडीच्या ठोक्यामुळे त्यांचा आलेख थरथरत होता. ती थरथर घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की थरथरणारा भाग म्हणजेच धमनीतलं रक्त. हे १९७४ सालचं. आओयागी गेले एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे सगळं जग आपापल्या बोटाला हेच यंत्र लावून बसलं होतं तेव्हा.

तेव्हा या यंत्राला नाडी लागते, आरपार जाणारा प्रकाश लागतो आणि हिमोग्लोबिन लागतं. श्वासाशी त्याची थेट गाठच पडत नाही.

शेरूच्या मालकांना मी एसटीचं उदाहरण दिलं. ते निवृत्त कंडक्टर होते, त्यामुळे सोपं गेलं. डेपोतून पंधरा गाड्या सुटायच्या, पण त्या दिवशी सुटल्या चारच. चारही गच्च भरलेल्या. भारमान काढलंत तर ९८ टक्के. पण स्टँडवर उरलेल्या लोकांचं काय? ऑक्सिमीटर भारमान सांगतो, म्हणजे आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय ते. गाड्या किती सुटल्या, म्हणजे मुळात हिमोग्लोबिन किती आहे, ते सांगत नाही. धडधाकट कुत्र्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असतं आणि एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन उचलतं. म्हणजे जवळजवळ २० मिलिलिटर. शेरूचं हिमोग्लोबिन होतं ४. तेवढंच गणित केलं तर सव्वापाच मिलिलिटर. टक्का दोघांचा तोच, ९८. उरलेला ऑक्सिजन कुठून तरी भरून काढायचा म्हणून बिचारा धापा टाकत होता. त्या धापा खऱ्या बोलत होत्या, आणि आकडाही खोटा नव्हता. फक्त तो आपण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होता.

आता श्वास. श्वासाला दोन कामं असतात: ऑक्सिजन आत घेणं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं. दुसरं काम ऑक्सिमीटरला मुळीच दिसत नाही. भूल दिलेलं जनावर टेबलावर असलं की हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. नळीतून शुद्ध ऑक्सिजन आणि भुलीचं आयसोफ्लुरेन चाललंय, शस्त्रक्रिया सुरू आहे, पडद्यावर ९९. मशीनची रबरी पिशवी फुगते, बसते, फुगते, बसते. मग ती थांबते. भूल जरा खोल गेली आणि कुत्रीने श्वास घेणंच थांबवलंय. पडद्यावर अजून ९९, मिनिटभराने पाहिलं तरी ९९. फुप्फुसं शुद्ध ऑक्सिजनने भरलेली असतात, त्यामुळे साठा संपायला वेळ लागतो. तोवर कार्बन डायऑक्साइड मात्र साचत राहतो. शेजारी कॅप्नोग्राफ असेल तर त्याची रेघ त्याच क्षणी सपाट होते, कारण तो बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइडच मोजतो. नवीन आलेल्या मुलांना मी सांगतो, नजर पिशवीवर ठेवा, कान बीपवर ठेवा. आकडा बिघडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

तेच जनावर ऑक्सिजनशिवाय, नुसत्या खोलीतल्या हवेवर असेल, म्हणजे शिबिरात झायलाझिन-केटामीनचं भुलीचं इंजेक्शन देऊन शस्त्रक्रिया करतात तसं, तर मात्र साठा फार नसतो आणि आकडा लवकर कोसळतो. वर झायलाझिनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, जीभ फिकट पडते, आणि कित्येकदा यंत्र नाडीच पकडत नाही.

माणसाच्या तान्ह्या बाळाकडे तर साठा जवळजवळ नसतोच. वजनाच्या हिशेबाने ते मोठ्या माणसाच्या साधारण दुप्पट ऑक्सिजन वापरतं आणि त्याची फुप्फुसं लहान. त्यामुळे त्याचा श्वास अडला की आकडा भराभर घसरतो. पण त्याच्याही आधी बाळ दुसऱ्या रीतीने सांगत असतं: श्वास वाढतो, नाकपुड्या फुलतात, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. हे बघायला दोन डोळे आणि सेकंदकाटा एवढं पुरतं.

इथे गडचिरोलीची आठवण हवीच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना, सुइणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, तेही श्वास मोजून. ज्यांना आकडे मोजायची सवय नव्हती त्यांच्यासाठी एक साधं यंत्र केलं: एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची पाळी आली तर श्वास जोरात आहे, उपचार हवेत. ना बॅटरी, ना पडदा. मला स्वतःला हे यंत्र ऑक्सिमीटरइतकंच हुशारीचं वाटतं, आणि त्याचं कौतुक त्या मानाने फारच कमी झालं.

तो लाल मणी कुठे येतो हे वयावर ठरतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जोरात. दोन महिने ते एक वर्ष, ५० किंवा जास्त. एक ते पाच वर्षं, ४० किंवा जास्त. मोजायचं बाळ शांत असताना, आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा आळस इथे चालत नाही. तान्ही बाळं झोपेत मध्येच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतात आणि मग भराभर चार-पाच घेतात. नेमक्या थांबलेल्या वेळी मोजलंत तर फार कमी येणार, भराभर घेताना मोजलंत तर भलतंच जास्त.

कुत्र्या-मांजरांचं मोजणं झोपेतच करायचं. जागा असलेला कुत्रा जीभ बाहेर काढून ल्हाल्हा करतो ते अंग थंड करायला, त्या श्वासांवरून काहीच ठरत नाही. गाढ झोपेत मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास हे बहुतेक कुत्र्या-मांजरांना लागू पडतं. हृदयविकाराच्या कुत्र्याच्या घरच्यांना आम्ही रोज हेच लिहून ठेवायला सांगतो, कारण फुप्फुसात पाणी भरायला लागलं की हा आकडा आधी चढतो. मांजर तोंड उघडून श्वास घेताना दिसलं तर मोजत बसू नका, उचला आणि निघा.

एवढं वाचून कुणी चिमटा फेकून देईल, म्हणून उलटी बाजूही सांगतो. काही बाळं जन्मजात हृदयविकार घेऊन येतात आणि पहिले एकदोन दिवस अगदी शांत श्वास घेतात. ना धाप, ना डोळ्यांना दिसेल असा निळेपणा. इथे श्वास मोजून काही हाती लागत नाही, पकडतो तो ऑक्सिमीटरच. जन्मानंतर साधारण चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला प्रोब लावतात. ९५ किंवा वर आणि दोन्हींत तीनपेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. नव्वदच्या खाली गेलं तर लगेच पुढची तपासणी. उजवाच हात का, तर तिकडे जाणारं रक्त हृदयातून निघतानाच वेगळं होतं. पायाकडे जाणाऱ्या रक्तात, जन्माआधीची वाट उघडी राहिली असेल तर, अशुद्ध रक्त मिसळू शकतं. दोन आकड्यांतला तो फरकच रोग सांगतो.

आणि सगळ्यात लहान वयात ८४ हा आकडा खरोखरच बरोबर असू शकतो. जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला ६०-६५, पाचव्या मिनिटाला ८०-८५, नव्वदीकडे जायला दहा मिनिटं. उलट, कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना १०० दिसणं ही आनंदाची गोष्ट नाही. जास्तीच्या ऑक्सिजनने त्याच्या डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो, म्हणून तिथे मुद्दाम ९०-९५ मध्ये ठेवतात.

आकडा चक्क फसवतो ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. मोठ्या चिमट्यात छोटा अंगठा ठेवला की प्रकाश मांसातून न जाता बाजूने निसटून पलीकडे पोहोचतो आणि यंत्र खोटा, कमी आकडा देतं. बाळांचा प्रोब पट्टीसारखा असतो, तळपायाला गुंडाळायचा, दिवा आणि सेन्सर समोरासमोर. कुत्र्याच्या कानाला केस आडवे येतात. चाऊ चाऊची जीभच निळी-काळी, तिच्यातून प्रकाश धड जात नाही. जिभेवर क्लिप फार वेळ राहिली की तिथलं रक्त दाबून निघून जातं, मग आम्ही ओला गॉजचा तुकडा मध्ये घालतो आणि दर थोड्या वेळाने जागा बदलतो. एक पडताळा मात्र सगळीकडे चालतो. पडद्यावरचा नाडीचा आकडा आणि स्टेथोस्कोपने किंवा हाताने मोजलेले ठोके जुळतात का? मांजराचं हृदय १८० ने धडधडतंय आणि यंत्र ९० म्हणतंय, तर शेजारच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर मी कशाला विश्वास ठेवू?

एक फसवणूक मात्र बाळाला आणि मांजराला सारखीच. ताप आला म्हणून कुणी मांजराला पॅरासिटामॉल देतं (देऊ नका, ५०० ची एक गोळी जीव घेऊ शकते) आणि त्याचं हिमोग्लोबिन मेथहिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये, बदलतं. तान्ह्याला नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध दिलं तरी तेच होतं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. हे हिमोग्लोबिन दोन्ही प्रकाश सारखेच शोषतं, आणि दोन्ही सारखे आले की यंत्राचं गणित ८५ वर येऊन अडकतं. रोग वाढत जातो, आकडा तिथेच घुटमळतो. रक्त मात्र चॉकलेटी दिसतं.

बाळाच्या पायात घालायचे 'स्मार्ट' मोजेही आता मिळतात. अमेरिकेत अशा एका मोज्याच्या कंपनीला, आऊलेटला, तिथल्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये परवानगी न घेता विकल्याबद्दल इशारापत्र धाडलं आणि २०२३ मध्ये त्यांच्या मोज्यांना रीतसर मान्यताही दिली. तरी झोपेतला अचानक मृत्यू टाळायला असल्या यंत्रांवर विसंबू नका, असंच तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. बाळाला पाठीवर निजवा, अंथरूण कडक आणि मोकळं ठेवा, हा त्यांचा सल्ला बिनपैशाचा आहे.

बहिणीला मी चिमटा काढायला लावला. बाळ झोपल्यावर झबलं वर करून, घड्याळ समोर धरून तिने मोजलं. फोनवर तिची कुजबुज ऐकू येत होती: चौतीस, पस्तीस, छत्तीस. मिनिट संपलं. छाती आत ओढली जात नव्हती, दूध पीत होती. सकाळी त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी तळपायाला छोटी पट्टी गुंडाळली, तेव्हा ९८ आलं.

शेरूला एका लॅब्रेडॉरचं रक्त चढवलं. संध्याकाळपर्यंत हिरड्यांवर फिकट गुलाबी झाक आली आणि श्वास मिनिटाला २८ वर उतरले. मालकांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. तिथे दुपारपासून होता तोच आकडा होता, ९८.